कडल पसु आणि आमचे हे

१९ जानेवारी, रविवार

आजही नाही! कडल पसु दिसलं नाही, दिसणार नव्हतं, आणि पुढच्या रविवारीही दिसणार नाही — हे मला ठाऊक, नावाड्याला ठाऊक, समुद्राला ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त आमच्या यांना.

पहाटे उठून तंजावरहून निघायचं. ओरत्तनाडूला कॉफी, पट्टुकोट्टैला पेट्रोल, मग किनाऱ्यावरच्या जुन्या मनोऱ्यापाशी गाडी लावून चिखल तुडवत होडीपर्यंत. होडी चिदंबरची. चिदंबर वेळेवर येईल तर शप्पथ. आला की डोकं खाजवत म्हणतो, "सार, इन्नैक्कु कंडिप्पा!" आज नक्की! गेले दोन महिने हा माणूस 'आज नक्की' म्हणतोय आणि आमचे हे दर वेळी नव्याने खूश होतात.

कडल पसु म्हणजे समुद्रगाय. डुगाँग. म्हशीएवढं जनावर, समुद्राच्या तळाचं गवत खातं. आपल्या किनाऱ्याला फार थोडी उरलीत म्हणून सरकारने त्यांच्यासाठी समुद्र राखून ठेवलाय. चांगली गोष्ट. खाऊ देत बिचारी गवत! साठी उलटलेल्या माणसाने आणि गुडघे धरलेल्या त्याच्या बायकोने तिथे कशाला जायचं?

आणि नुसतं बघायला नाही — दाखवायला! 'कावेरी-सागर सफारी'. मालक सुरेंद्र राव, वीजखात्यातले निवृत्त इंजिनियर. जन्मभर तारा पाहिल्या, तारेवरचा पक्षी कधी दिसला नाही. निवृत्त झाले आणि एकदम डोळे उघडले. आता लोकांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात, पक्षी दाखवतात, नशीब असेल तर डॉल्फिन. इथवर ठीक. पण पत्रकावर पहिली ओळ कुठली? 'तुमच्या डोळ्यांनी कडल पसु पाहा!'

स्वतःच्या डोळ्यांनी अजून पाहिलेलं नाही. लोकांच्या डोळ्यांची हमी देतात!

आणि मी कोण? मी चिंचभात. मी दहीभात, तळलेले वडाम, पाण्याच्या बाटल्या, आणि होडी लागलेल्या बायकांना लिंबू. माझी जागा होडीत अगदी मागे, इंजिनाच्या धुरात, डबे पायांशी धरून.


२० जानेवारी

पदरात चिखल. डब्यात चिखल. आज सकाळी कानातून चिखल निघाला.


२३ जानेवारी, गुरुवार

फलक आला. गच्चीच्या कठड्याला टांगलाय, रस्त्यावरून दिसतो. रंगाऱ्याने कडल पसु कधी पाहिलेलं नाही हे उघड आहे. त्याने मांजराच्या मिशा लावलेला बटाटा काढलाय. त्याला शेपूट आहे आणि तो हसतोय.

शेजारच्या जयलक्ष्मीने विचारलं, "मामी, वेफर्सचा धंदा काढलात?"

मी यांना सांगितलं. हे हसले नाहीत. "मिशा असतात तिला," म्हणाले. "राठ केस असतात तोंडावर. रंगाऱ्याला मीच सांगितलं."

हरिताला बंगळूरला फोन केला. मी मराठीत बोलते, ती तमिळमध्ये उत्तर देते, आम्हा तंजावरच्या मराठी माणसांचं असंच चालतं. म्हटलं, तुझ्या अप्पांना काहीतरी सांग. शनिवार-रविवार माझ्या हिंदीच्या शिकवण्या असतात, मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, आणि मी समुद्रात लिंबं चिरत बसते. तर म्हणते, "अम्मा, अप्पा खूश आहेत ना? मग राहू दे."

सगळ्यांनी खूश राहायचं आणि चिंच मी कोळायची!

या घरात देवनागरी मला एकटीला वाचता येते, हिंदी शिकवून पोट भरलं त्याचा हा एवढाच फायदा. यांच्या समोर बसून हे लिहितेय. यांना वाटतं मी मुलांचे पेपर काढतेय.


२ फेब्रुवारी, रविवार

आज तर कहर झाला. लिहिताना हात दुखतोय, पण लिहिणार.

पापनाशमहून एक कुटुंब आलं होतं. नवरा, बायको, आणि नवऱ्याची आई शेषम्मा. शेषम्मांना होडीत चढवायला आम्ही चौघं. चढल्या आणि मांडी घालून बसल्या, जणू काही देवळाच्या ओवरीत बसल्यात. यांचं व्याख्यान सुरू. समुद्री गवत किती प्रकारचं, कडल पसु श्वास घ्यायला कशी वर येते, पिल्लाला वर्षानुवर्षं जवळ कशी बाळगते. माणूस बोलतो मात्र छान, हे कबूल करायला हवं. चिदंबरसुद्धा ऐकत होता. इतका ऐकत होता की होडी कुठे चाललीय ते बघायला विसरला.

रुतली! ओहोटी लागलेली, खाली नुसता गाळ. इंजिन घुर्रर्र करून गप्प. उतरून ढकलावं तर चिदंबर मांडीपर्यंत आत गेला, त्याला दोघांनी ओढून वर काढला. आता भरती येईपर्यंत बसा!

बसलो. ऊन डोक्यावर. चिंचभात संपला, दहीभात संपला, लिंबं संपली. सूनबाई नवऱ्याला म्हणत होती, "ऊटीला जाऊ म्हटलं होतं मी." नवरा फोनला रेंज शोधत होता. आणि आमचे हे? हे गाळात आलेले पक्षी दाखवत होते! "बघा, बघा, हा कुरलू, लांब वाकडी चोच, चिखलात खुपसून किडे काढतो." कुणी बघत नव्हतं. हे तरी दाखवतच होते.

शेषम्मा तेवढ्या मजेत. माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "तुमचे यजमान चांगले आहेत. पण जे दिसत नाही ते बोर्डावर कशाला लिहायचं?"

मी म्हटलं, "हेच मी तीन महिने विचारतेय, मामी."

पाणी चढलं तेव्हा दुपार कलली होती. परत येताना हे गाडी चालवता चालवता म्हणतात, "पण कुरलू काय जवळून दिसले, नाही?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ओरत्तनाडूपर्यंत एक अक्षर बोलले नाही. ओरत्तनाडूला बोलले. बरंच बोलले.


३ फेब्रुवारी

पाठ, मान, नाक भाजलंय. शिकवणीतला मुलगा बाजारात भेटला, विचारतो, "मिस, पडलात का?"


८ फेब्रुवारी, शनिवार

कल्याणराम म्हणून कुणी चेन्नईचा आहे. फिरतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. लाखो लोक बघतात म्हणे. त्याचा फोन आला. आमचे हे फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलतात, दुसऱ्या खोलीतही प्रत्येक शब्द ऐकू येतो.

"सार, डुगाँग दाखवा. बस. एक शॉट मिळाला तर तुम्हाला फोन उचलायला माणूस ठेवावा लागेल."

हे उभे राहून बोलत होते! खात्यातल्या चीफ इंजिनियरशी बोलायचे तसे.

फोन ठेवल्यावर म्हटलं, "अहो, 'दिसेलच असं नाही' एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

"बोललो की."

"नाही बोललात. मी ऐकत होते."

"चिदंबर म्हणतो या महिन्यात नक्की."

चिदंबर! चिदंबर म्हणतो त्याचा मेव्हणा पंचायतीत निवडून येणार नक्की. तो तीनदा पडलाय.


१६ फेब्रुवारी, रविवार

काय आणि कसं लिहू. क्रमाने लिहिते.

कल्याणराम आला. पंचविशीचा, काळा चष्मा, पाठीवर केवढी मोठी पेटी. मला 'आंटी' म्हणाला, चिंचभाताचा व्हिडिओ घेतला, मला दोनदा डब्याचं झाकण उघडायला लावलं. इथवर मी काही म्हणत नाही. पोरगा वागायला वाईट नव्हता. हे तर त्याला लगेच 'तंबी', धाकटा भाऊ, म्हणू लागले.

मनोऱ्यापासून बरंच आत गेलो. समुद्र तळ्यासारखा. एवढ्यात चिदंबर ओरडला — डॉल्फिन! पाच-सहा होते. लाटेतून पाठी वर यायच्या, जायच्या. त्यात एक पिल्लू, आईच्या अगदी अंगाला चिकटून. कितीतरी दिवसांनी मला वाटलं, बरं झालं आले.

आमचे हे कुजबुजले, "इंजिन बंद कर. आपण थांबलो की तेच जवळ येतात." चिदंबरने बंद केलं.

कल्याणराम म्हणाला, "नाही नाही, फुल स्पीड! शेजारून पळताना शॉट पाहिजे. आणि ड्रोन सोडतो."

"असं पाठी लागायचं नसतं, तंबी—"

"दोन मिनिटं, सार. फक्त दोन मिनिटं."

चिदंबरने यांच्याकडे पाहिलं. हे काहीच बोलले नाहीत. मग चिदंबरने कल्याणरामकडे पाहिलं आणि इंजिनाची दोरी ओढली.

पळवली होडी! ते डावीकडे वळले की आम्ही डावीकडे, ते उजवीकडे की आम्ही उजवीकडे. वर ते ड्रोन घोंघावतंय, गांधीलमाशीसारखं. पिल्लू मागे पडायला लागलं. दर वेळी वर यायचं ते आधीपेक्षा लवकर यायचं, मला मागून स्पष्ट दिसत होतं. आई वळून त्याच्यापाशी यायची. मी ओरडले, "पुरे! पुरे करा!" इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू आलं? हे होडीच्या काठाला धरून उभे, तोंड उघडं, हात अर्धवट वर. थांबवायला उचललेला तो हात तसाच राहिला.

शेवटी ते सगळे खोल गेले. पुन्हा दिसलेच नाहीत. कल्याणराम म्हणाला, "सूपर!"

मला यांचा इतका राग आला! तो मुलगा परका. त्याला काय बोलायचं? पण ज्या माणसाने तीन महिने माझं डोकं खाल्लं, जनावराला त्रास द्यायचा नाही, आवाज करायचा नाही, माझ्या बांगड्यासुद्धा काढायला लावल्या — त्या माणसाच्या तोंडून एक 'नाही' निघू नये?

मग गवताच्या पट्ट्यावर येऊन थांबलो. पाण्याखाली हिरवं हिरवं दिसत होतं. चिदंबर नांगर टाकायला पुढे गेला. कल्याणराम ड्रोनची बॅटरी बदलत होता. हे पुढच्या टोकाला उभे, पांढरी टोपी, पाठ माझ्याकडे, हात लांब करून सांगत होते, "इकडे बघत राहा. इकडेच. याच बाजूला येतात."

मी मागे, रागाने किनाऱ्याकडे तोंड करून बसलेली.

आणि माझ्यासमोर पाणी फुगलं.

आधी वाटलं काहीतरी जुनं, फेकलेलं, तरंगून वर आलंय. करडं, ओलं, सुरकुतलेलं. मग त्याला दोन नाकपुड्या उघडल्या. झाकणं उघडावीत तशा! फुस्स... श्वास सोडला. एखाद्या बाईने डोक्यावरचा भारा खाली ठेवून सोडावा तसा. मला ऐकू आला. वासही आला, ओल्या गवताचा. इतकी जवळ. आणि तिच्या कुशीला लागून दुसरं, लहान, रंगाने फिकं. त्याचंही फुस्स, पण बारीक, उशिरा सुचल्यासारखं. ते तिच्या पाठीवर चढल्यासारखं झालं, घसरलं. डोळा केवढासा — वाटाण्याएवढा. मी त्या डोळ्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत होता की नाही, देव जाणे.

तोंड उघडलं मी. 'अहो' एवढं ओठांपर्यंत आलं.

मागून कल्याणराम म्हणाला, "रेडी! परत वर सोडतो."

मी तोंड मिटलं.

ती खाली गेली. मागोमाग ते. शेपूट दुभंगलेली होती, एवढं दिसलं, आणि पाणी मिटून सारखं झालं.

आमचे हे अजून सांगतच होते, "बघत राहा, इकडेच..."


१७ फेब्रुवारी

सांगितलं नाही. काल गाडीत सांगणार होते. घरी आल्यावर सांगणार होते. आज कॉफी देताना सांगणार होते. यांनी पेपरमधून मान वर केली आणि म्हणाले, "काय गं?"

"साखर कमी आहे का?" विचारलं.

साखर बरोबर होती.


२० फेब्रुवारी, गुरुवार

त्या मुलाने व्हिडिओ टाकला. हरिताने पाठवला. शेजारची जयलक्ष्मी फोन घेऊन दाखवायला आली. दूधवाल्यानेसुद्धा पाहिलाय.

डॉल्फिनमागे पळणारी होडी आहे, वर जोरदार संगीत. माझा चिंचभात आहे. मग आमचा फलक — मिशांवर लाल गोल काढलाय. आणि त्या मुलाचा आवाज: "मित्रांनो, हे आजोबा डुगाँग दाखवतो म्हणतात. मी पूर्ण दिवस घालवला. डुगाँग शून्य! फसवणूक! पण आंटीचा चिंचभात दहापैकी दहा."

खाली लोकांनी काय काय लिहिलंय. 'म्हातारा फ्रॉड आहे.' 'आधी स्वतः बघ म्हणावं.' रविवारी येणारे लोक नको म्हणाले. त्यानंतरच्या रविवारचेही.

यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. गच्चीवर जाऊन फलकाच्या दोऱ्या सोडल्या, तो गुंडाळला, जिन्याखाली ठेवून दिला.

मी तीन महिने हेच मागत होते ना? मग आता काय होतंय मला?


२२ फेब्रुवारी, शनिवार

घरात माणूस आहे की नाही कळत नाही. टीव्हीसमोर बसतात, टीव्ही बंद. दुर्बीण कपाटात. आज गच्चीवर खंड्या आला होता, मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "अगंबाई, हा कुठला पक्षी?" खंड्या मला माहीत आहे. तीन महिन्यांत कुणालाही माहीत होईल! हे म्हणाले, "असेल कुठलातरी."

बडबड्या माणूस गप्प झाला की फार वाईट. डोकं खायचे तेच बरं होतं.

माझं एक वाक्य या माणसाला उठवून बसवील. पण सांगितलं की हे गावभर सांगणार. पोटात काही राहतच नाही यांच्या! मग तो मुलगा परत येणार, त्याच्यासारखे पन्नास येणार, आणि त्या पिल्लाच्या मागे होड्या पळणार. नाही सांगितलं तर हे असेच बसणार.

त्या कडल पसुचं बरं आहे की हो! ती पाण्यात जाऊन तरी बसली. मी कुठे बसू?


२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

दुपारी जेवताना यांनी ताटात भात तसाच ठेवला. म्हणाले, "त्या पोराचं बरोबर आहे, वाणी. मी न पाहिलेली वस्तू विकत होतो." मग हसले. ते हसणं मला बघवेना.

म्हटलं, "मी पाहिली."

"काय?"

"कडल पसु. त्याच दिवशी. तुमच्या पाठीमागे. पिल्लू होतं बरोबर."

ताटातला हात ताटात राहिला. मी सगळं सांगितलं. का ओरडले नाही तेही सांगितलं.

"मला नाही सांगितलंस?" म्हणाले. आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला. "मला? तीन दिवस मी इथे असा बसलोय, आणि तू—"

उठले. हात न धुताच गच्चीवर गेले. मी ताटं उचलली. भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. शिकवणीची मुलं आली, त्यांना परत पाठवलं.

बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली. दारात उभे राहून म्हणाले, "पिल्लू कुठल्या बाजूला होतं? डाव्या की उजव्या?"

"डाव्या."

"नाकपुड्या वरच्या बाजूला होत्या? पुढे नाही?"

"वर. झाकणासारख्या."

"आणि शेपूट? माशासारखी उभी नाही ना?"

"आडवी. दुभंगलेली."

खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "पहिल्यापासून सांग." सांगितलं. "श्वासाचा आवाज कसा होता? करून दाखव." मी स्वयंपाकघरात उभी राहून फुस्स करून दाखवलं! या वयात! डोळे मिटून ऐकलं यांनी. "आणि पिल्लाचा?" तोही केला. "पुन्हा," म्हणाले.

संध्याकाळ होईपर्यंत चारदा सांगून झालं. मग हे उठून खिडकीपाशी गेले.

"ओरडली असतीस तर त्याने ड्रोन सोडलं असतं."

"हो."

"आणि मी अडवलं नसतं त्याला."

मी दिवा लावला.

"नसतंच अडवलं मी," म्हणाले.

रात्री दोनदा भात घेतला. मी शपथ घालून सांगितलंय — कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही!


२४ फेब्रुवारी

चिदंबरला सांगितलं! सकाळी सातला! कॉफीच्या आधी!

"चिदंबर आपलाच आहे," म्हणतात.

अय्यो, देवा!


२ मार्च, रविवार

आम्ही दोघंच गेलो. पाहुणे नाहीत, पत्रक नाही. डबा मात्र होता.

चिदंबरने मोठ्या कौतुकाने 'अम्मा, अम्मा' म्हणून माझा हात धरून मला होडीत चढवलं. गवताच्या पट्ट्याच्या बरंच अलीकडे यांनी इंजिन बंद करायला लावलं. पुढे बांबूने ढकलत नेलं. मग थांबलो. या वेळी हे माझ्या शेजारी, मागे बसले. व्याख्यान नाही. बोटं दाखवणं नाही. मला विचित्रच वाटत होतं.

ऊन चढलं. पाणी हिरवं, स्वच्छ. एक कासव वर आलं, आमच्याकडे बघून परत गेलं. कुरव पक्षी उडत होते. ती आली नाही.

मी हळूच विचारलं, "अहो, एवढं काय आहे तिच्यात? खरं सांगा."

विचार करून म्हणाले, "काही नाही गं. या किनाऱ्यावरच्या गावागावांत मी लाइन टाकत फिरलोय. समुद्राला पाठ करून खांबावरच्या माणसाला सूचना द्यायचो. एवढं मोठं जनावर तेव्हाही मागे श्वास घेत असणार. मला पत्ताच नव्हता. निवृत्त झाल्यावर कुठेतरी वाचलं आणि लाज वाटली." मग पाण्यात हात बुडवून, "बघायचं होतं इतकंच. दाखवायचं खूळ नंतर शिरलं डोक्यात."

हे मला आधी का नाही सांगितलं या माणसाने? तीन महिने गवताचे प्रकार सांगत होते!

दुपारी परत फिरलो. दिसली नाही. मला वाटलं तोंड पडेल. तर ओरत्तनाडूला कॉफी पिताना म्हणतात, "आज तिला कुणी त्रास दिला नाही. बरं झालं."

गुडघे ठणकताहेत. पुढच्या खेपेला उशी नेणार आहे. (पुढच्या खेपेला! मीच लिहिलं हे.)


६ मार्च, गुरुवार

संध्याकाळी कल्याणरामचा फोन. स्पीकरवर. आवाजात मध.

"सार, मागचं मनात ठेवू नका. तो व्हिडिओ आजच काढतो. चिदंबर म्हणाला मादी आहे, पिल्लूपण आहे! रविवारी येतो, दोन ड्रोन आणतो. तुम्हाला फ्रॉड म्हणणारे सगळे गप्प होतील. फक्त जागा दाखवा."

मी दारात, हातात झारा. या वेळी हे खुर्चीतून उठले नाहीत. मग म्हणाले —

"नाही, तंबी. इथे कडल पसु नाही. आमच्या मंडळींना मोतीबिंदू आहे हो. ओंडका पाहिला त्यांनी. मी स्वतः जाऊन खात्री केली. ओंडकाच. व्हिडिओ राहू दे तुझा, मी सफारी बंद केलीय. येऊ नकोस."

फोन ठेवला. कान लालबुंद. या माणसाला ठरवून खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आणि मला मोतीबिंदू नाही!

"जमलं का गं?" म्हणाले.

म्हटलं, "कसलं जमलं? ओंडक्याला पिल्लू कसं असेल? पुन्हा त्याचा फोन आला तर माझ्याकडे द्या."